बाळाच्या नावाचा अर्थ खरा की बनावट? घरबसल्या नावाचा उगम शोधण्याची रीत

बारशाला चार दिवस उरले होते. रात्री साडेअकराला धाकट्या भावाचा मेसेज आला : "ताई, आरव फायनल. अर्थ शांत. नेटवर बघितलाय." मी सवयीने संस्कृत कोश उघडला. आरव : ओरडणं, आक्रोश, गलका, गडगडाट.

'रव' म्हणजे आवाज, हे कलरव या शब्दामुळे आपल्याला ठाऊक असतं. आधी 'आ' लागल्याने तो आवाज काही बंद पडत नाही. आवाज बंद करायचा तर 'निर्' लागतो, आणि मग होतो नीरव. शांत हवा असेल तर ते नाव आहेच. भावाला हे कळवल्यावर त्याचं उत्तर : "मग साइटवाले खोटं का लिहितील?" खोटं असं नाही. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवलं, तिसऱ्याने त्यात 'सूर्याचा पहिला किरण' घातलं. नावांच्या यादीत 'गलका' असा अर्थ छापला तर ती यादी कोण वाचणार?

मी पाचव्यांदा आत्या झाले आहे. कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं काम माझं, म्हणून ते तपासायचं कामही मी आपणहून अंगावर घेतलंय. त्यातून एक रीत बसली. एका नावाला एखादी संध्याकाळ पुरते.

पायरी १ : नाव आधी देवनागरीत लिहा

हल्ली नाव मोबाइलवर रोमन लिपीत भेटतं आणि तिथेच गडबड सुरू होते. रोमन अक्षरांत कला, काला आणि काळा एकसारखेच दिसतात. अनय, अनया, अनाया, इनाया यांतलं नक्की कोणतं नाव आवडलंय, हे आई-बाबांनाही कधीकधी सांगता येत नाही. म्हणून कागद घ्या आणि ऱ्हस्व-दीर्घ, न-ण, श-ष यांसकट नाव लिहा. मोठ्याने म्हणा. आजीला म्हणायला लावा, कारण तीच ते दिवसातून पन्नासदा हाकारणार आहे.

वरच्यांतलीच दोन नावं बघू. संस्कृतात 'नय' म्हणजे नीती, म्हणून 'अनय' म्हणजे अनीती, वाईट वागणूक. राधेच्या नवऱ्याचं नाव म्हणून मराठी कवितेत अनय येतो, ती गोष्ट वेगळी. 'इनाया'चं घराणंच निराळं. ते अरबी आहे, 'इनायत'च्या कुळातलं, अर्थ काळजी किंवा कृपा. एका मात्रेच्या फरकाने अनीतीची कृपा होते.

उलटी परीक्षाही करा : देवनागरीत ठरलेलं नाव रोमनमध्ये लिहून बघा. अनल म्हणजे अग्नी, संस्कृतात तेजस्वी शब्द. पण मूल पुढे इंग्रजी बोलणाऱ्या देशात शाळेत जाणार असेल, तर स्पेलिंग एकदा लिहून बघा. अधिक काही सांगायला नको.

पायरी २ : नाव कोणत्या भाषेचं ते ठरवा

ही पायरी लोक गाळतात. दोन भाषांत सारखं ऐकू येणारं नाव एकाच मुळाचं असतंच असं नाही. आपला किरण म्हणजे उजेडाची रेघ. आयर्लंडमधला कीरन लिहिला जातो जवळपास तसाच, पण तो 'काळा' या अर्थाच्या आयरिश शब्दातून आलाय, म्हणजे 'लहानगा काळा'. लीला म्हणजे खेळ, लैला म्हणजे अरबीत रात्र. नाओमी हिब्रूत आहे, अर्थ प्रसन्नता. जपानीतही नाओमी आहे, तिचा हिब्रूशी काही संबंध नाही. सारा हिब्रूत राजघराण्यातली स्त्री, मराठीत मात्र 'सगळा'.

म्हणून 'अर्थ काय?' हा प्रश्न अर्धाच आहे. 'कोणत्या भाषेत?' हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. कोणी म्हणालं की हे नाव संस्कृत, अरबी, ग्रीक आणि जपानी चारही भाषांत सुंदर अर्थाचं आहे, तर मी सरळ पुढच्या नावाकडे वळते.

पायरी ३ : नाव फोडा

प्रत्येक भाषेत नावं बांधायची पद्धत निराळी, त्यामुळे फोडायचीही निराळी.

संस्कृत नावाला उपसर्ग, धातू, संधी, समास. सध्या 'अंश' जोरात आहे. देव + अंश = देवांश, रुद्र + अंश = रुद्रांश, हे व्याकरणाला धरून आहे. मग रेयांश? 'किरणाचा अंश' असा अर्थ सांगतात. संस्कृतात किरणाला रश्मी, अंशू, मयूख, मरीची असे कितीतरी शब्द आहेत, त्यांत 'रेय' नाही. कानाला मात्र इंग्रजीतल्या 'रे'ची आठवण होते. नाव ठेवू नका असं मी म्हणत नाही, ऐकायला गोड आहे. फक्त 'संस्कृत नाव आहे' म्हणून बारशात सांगू नका, एखादे निवृत्त संस्कृत शिक्षक जेवायला बसलेले असतात.

अरबी नावात तीन व्यंजनांचा सांगाडा शोधायचा. ह-म-द म्हणजे स्तुती. त्यातून मोहम्मद, अहमद, महमूद, हमीद, हमीदा. क-र-म म्हणजे औदार्य, प्रतिष्ठा. त्यातून करीम, अकरम, इकराम. हा सांगाडा एकदा दिसू लागला की अनोळखी नावाचं घराणंही ओळखू येतं. आणि एक गोष्ट, जी आपल्याकडे शिकलेली माणसंही चुकतात : 'अब्दुल' हे पुरं नाव नाही. त्याचा अर्थ '…चा सेवक' असा अधांतरी आहे. पुढे ईश्वराचं एखादं नाव आलं की अर्थ पुरा होतो. मिरजेला राहिलेले किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ म्हणजे 'उदार परमेश्वराचा सेवक'. शेजाऱ्याला नुसतं "अहो अब्दुल" म्हणणं म्हणजे रामदास नावाच्या माणसाला "अहो चा-दास" म्हणण्यासारखं.

हिब्रू नावात शेवटचा 'एल' म्हणजे देव. डॅनिएल : देव माझा न्यायाधीश. रफाएल : देव बरं करतो. मायकेल तर चक्क एक प्रश्न आहे : देवासारखा कोण आहे?

जर्मन कुळातली जुनी नावं दोन तुकड्यांची. विल्यममध्ये इच्छा आणि शिरस्त्राण, रॉबर्टमध्ये कीर्ती आणि झळाळी. पण इथे जपून. ते दोन तुकडे जोडून सलग अर्थ निघेलच असं नसतं. हिल्डेगुंड या नावात पहिला तुकडा लढाई, दुसराही युद्धच. अकराव्या शतकात इंग्लंडमध्ये वुल्फस्टन नावाचा बिशप होऊन गेला. आईचं नाव वुल्फगिफू, वडिलांचं एथेलस्टन. आईचा पहिला तुकडा घेतला, वडिलांचा दुसरा, आणि झालं नाव : लांडगा-दगड. आज व्हॉट्सॲपवर आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि बाबांच्या नावाचं शेवटचं जुळवून जे चाललंय, ते हजार वर्षांपूर्वीही चालू होतं तर.

आता साधनं. संस्कृतासाठी वामन शिवराम आपट्यांचा आणि मोनियर-विल्यम्सचा कोश, दोन्ही जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. मराठीसाठी मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात आहेत. फारसीसाठी माधव ज्युलियन यांचा १९२५चा फार्शी-मराठी कोश. कोशात सगळे अर्थ वाचा, आवडलेला एकच उचलू नका. आणि नावांच्या याद्या या पायरीला बंद ठेवा.

पायरी ४ : नाव कुठून कुठे गेलं ते बघा

मला सगळ्यांत जास्त रस इथे. नाव एका गावात जन्मतं आणि भलत्याच गावात म्हातारं होतं.

हिब्रूतलं योहानान, म्हणजे 'परमेश्वराने कृपा केली'. ग्रीकमध्ये ते योआनिस झालं, लॅटिनमध्ये योहानेस. पुढे इंग्लंडात जॉन, फ्रान्सात जाँ, स्पेनमध्ये हुआन, रशियात इवान, इटलीत जोव्हान्नी, पोर्तुगालमध्ये जुआँव. पोर्तुगीजांबरोबर ते गोव्यात उतरलं. तिथे २४ जूनला, ऐन पावसात, डोक्यावर पानाफुलांचे मुकुट, म्हणजे 'कोपेल', घालून पोरं विहिरीत उड्या मारतात तो सांजांव, म्हणजे संत जुआँवचा, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा सण. जेरुसलेमचं नाव, गोव्याची विहीर.

दुसरं मिहिर. संस्कृत कोशात अर्थ सूर्य. पण हा शब्द इराणकडून आलेला, तिथल्या मिथ्र देवाच्या 'मिह्र' या नंतरच्या रूपातून. त्याच मिथ्राचा वेदांतला भाऊ म्हणजे मित्र. त्यामुळे पारशी घरातली मेहर, वराहमिहिरातला मिहिर आणि आपण रोज म्हणतो तो मित्र, ही एकाच आजोबांची नातवंडं. अशा वेळी 'संस्कृत की फारसी?' या भांडणात पडू नये, उत्तर दोन्ही आहे.

मराठी नावांत फारसी-अरबी किती मुरलंय ते बघा. दौलतरावातली दौलत अरबी, हैबतरावातली हैबतही अरबी, म्हणजे दरारा. गुलाबरावात फारसी 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी, मुळात अर्थ गुलाबपाणी. उलट दिशेचा प्रवासही आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजातल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. गावात त्यांना सामाजी हसाजी म्हणत. सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी. हिब्रू नावाला मराठी 'जी' लावला की ते तेल्याच्या घाण्यावरचं वाटायला लागतं. हा समाज तेल गाळायचंच काम करायचा, शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत.

पूर्वेकडे संस्कृत गेलं ते तर ओळखूच येत नाही. थायलंडचे दिवंगत राजे भूमिबोल अदुल्यदेज म्हणजे भूमिबल अतुल्यतेज. कंबोडियाचं राजघराणं नरोदम म्हणजे नरोत्तम. बँकॉकला फिरायला गेलात तर पाट्यांवरची नावं सावकाश मोठ्याने वाचा, अर्धी ओळखीची निघतील.

पायरी ५ : नाव अर्थासाठी ठेवलंय का, हे विचारा

सगळी नावं शब्दार्थासाठी ठेवलेली नसतात. काही नावं नोंदवहीसारखी असतात. घानातल्या अकान लोकांत मुलगा शुक्रवारी जन्मला की कोफी, शनिवारी क्वामे. संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी महासचिव कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ला, शुक्रवारीच जन्मले होते. बरोबर जुळी बहीण होती, म्हणून त्यांचं मधलं नाव अट्टा, म्हणजे जुळा. नेपाळच्या शेर्पांतही तीच रीत : दावा सोमवारचा, पासांग शुक्रवारचा, पेम्बा शनिवारचा. आपल्याकडचे मंगळू, बुधा, सोमा याच रांगेतले. बालीमध्ये वार नाही, क्रम बघतात. पहिलं मूल वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत, आणि पाचवं झालं तर पुन्हा वायान. त्यातलं मादे आपल्या 'मध्य'मधून गेलंय.

आणि काही नावं नजर चुकवायला ठेवलेली असतात. मूल जगत नसे, मग पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू, भिकाजी. यमाने यादी वाचावी आणि म्हणावं, हा कचरा कशाला न्यायचा? मंगोलियात नेरगुई म्हणजे 'नाव नाही' आणि खुनबिश म्हणजे 'माणूस नाही', अशी नावं याच भीतीपोटी ठेवतात. चीनमध्ये घरगुती नाव गोउशंग, म्हणजे 'कुत्र्याचं उष्टं'. उलानबातरची आई आणि माणदेशातली आई एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, पण युक्ती एकच. तुमच्या वंशावळीत एखादा केरोबा सापडला तर लाजू नका, त्याच्या आधी कोणी गेलं होतं का, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. बहुतेक वेळा उत्तर हो येतं.

पण नकोशी या नावाला तो बचाव लागू नाही. तिथे अर्थ आहे तसाच आहे. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये २८५ नकोशींना नवी नावं देण्यात आली, जाहीर कार्यक्रमात, प्रमाणपत्रासह. तुर्कस्तानात मुलींचं येतेर हे नाव आहे, अर्थ 'पुरे'. चीनमध्ये झाओदी, म्हणजे 'धाकट्या भावाला बोलावणारी'. अशा नावाचा अर्थ शोधताना कोश पुरत नाही. ते नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काय होतं, ते बघावं लागतं.

पायरी ६ : लिपी अर्थ ठरवते का?

चिनी-जपानी नाव फक्त ऐकून अर्थ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जपानीत युकी म्हणजे बर्फ की सौभाग्य, हे आई-वडिलांनी कोणतं चित्राक्षर निवडलं त्यावर ठरतं. तिथे नावाला कुठलंही अक्षर चालत नाही. नित्य वापराची २१३६ आणि नावांसाठी खास मान्य केलेली, एवढीच. १९९३ मध्ये टोकियोजवळच्या आकिशिमात एका वडिलांनी मुलाचं नाव आकुमा, म्हणजे सैतान, ठेवायचं ठरवलं. अक्षरं मान्य यादीतलीच होती, तरी देशभर गदारोळ झाला आणि नाव बदललं. मे २०२५ पासून तर अक्षराचा भलताच उच्चार लावण्यावरही तिथे कायद्याने बंधन आलंय.

चिनी नावात आणखी एक गंमत : भावंडांच्या नावात एक अक्षर पिढीचं असतं. माओ झेडोंगच्या भावांची नावं झेमिन आणि झेतान, त्यातला 'झे' सगळ्यांचा. एकट्याच्या नावाचा अर्थ शोधताना तो बाजूला काढावा लागतो.

पायरी ७ : घरची रीत आणि शास्त्र

आजोबांचं नाव नातवाला, ही आपली जुनी पद्धत. पूर्व युरोपातल्या ज्यूंमध्ये हयात नातेवाइकाचं नाव बाळाला देत नाहीत, तर स्पेनकडून पांगलेल्या ज्यूंमध्ये हयात आजोबांचं नाव देणं हा त्यांचा मान. चीनमध्ये पूर्वजाचं नाव मुलाला देणं हाच अपमान. तेव्हा परदेशी सून-जावई घरात असतील तर हा विषय बारशाच्या आधी काढा, पाळण्यापाशी नको.

शास्त्र म्हणाल तर पारस्कर गृह्यसूत्र हा घरगुती संस्कारांचा जुना ग्रंथ सांगतो की मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी असावं, सुरुवात घोष वर्णाने, म्हणजे ग, ज, द, ब यांसारख्या अक्षराने, व्हावी, मध्ये य-र-ल-व यांपैकी काही यावं. मुलीचं नाव विषम अक्षरी, आकारान्त. शारदा, कमला त्यात चपखल बसतात. मनुस्मृती तर पुढे जाऊन सांगते की नक्षत्र, झाड किंवा नदी यांचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये. माझी आजी गोदावरी, पणजी यमुना, काकू रोहिणी. आमच्याकडे मनू कोणी विचारात घेतला नाही, हे उत्तम झालं.

जन्माक्षराचा हट्ट असेल तर हस्त नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं बघा : पू, ष, ण, ठ. ण-वरून नाव काढून दाखवा. अशा वेळी गुरुजीच म्हणतात की पाळण्यातलं वेगळं ठेवा, व्यवहारातलं वेगळं.

पायरी ८ : नोंद

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्या वेळी नाव ठरलेलं नसलं तरी नोंद होते. नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. त्यामुळे घाईने 'बेबी ऑफ'च्या जागी काहीतरी लिहून टाकू नका. १ मे २०२४ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर नावाचा क्रम असा आहे : बाळाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. चारही शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये घरी कागदावर लिहून न्या आणि खिडकीवर तोंडी सांगू नका. पावती हातात आली की तिथेच उभं राहून अक्षर अक्षर वाचा. आमच्या एका भाचीच्या दाखल्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ते दुरुस्त व्हायला सहा खेपा झाल्या.

परदेशात असाल तर तिथले नियम आधी वाचा. आइसलँडमध्ये १९९१ पासून नावांची समिती आहे. तिच्या यादीत नसलेलं नाव आधी मंजूर करून घ्यावं लागतं आणि ते त्यांच्या विभक्तिप्रत्ययांत बसलं पाहिजे. एका मुलीला ब्लाएर, म्हणजे झुळूक, हे स्वतःचंच नाव मिळवायला २०१३ मध्ये कोर्टात जाऊन जिंकावं लागलं. समितीच्या मते ते नाव मुलाचं होतं.

भावाने शेवटी आरवच ठेवलं. कोशातलं पान मी त्याला फोटो काढून पाठवलं होतं, त्याने ते वाचूनही ठेवलं. रविवारी गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, मी पाळण्यावर वाकून कुर्रर्र केलं, आणि बाळाने असा काही सूर लावला की मागची कॅटररची पोरं वळून बघायला लागली. भावजय त्याला उचलत म्हणाली, "ताई, अर्थ तुमचाच बरोबर."